शीर सापडत नाही

चौदा वर्षं मी लोकांचं रक्त काढत आले. आमच्या गावातल्या दवाखान्यात माणसं मुद्दाम माझ्या खुर्चीसाठी थांबायची. दंडाला पट्टा बांधला की मी विचारायची, "जावई काय करतो हो तुमचा?" जावयाचा विषय निघाला की माणूस असा काही सुटायचा, की नळी भरून वर कापूस लावला तरी त्याचं आपलं चालूच. सुई कधी गेली, कधी आली, पत्ताच नाही.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांना जावयाचं विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?" आणि वर जाऊन तक्रारही केली. तेव्हापासून कानाला खडा.

एवढं मोठं शहर, एवढं मोठं हॉस्पिटल, तळमजल्यावर आमच्या सहा खुर्च्या आणि माणशी चार मिनिटं. त्यातली दोन कपडे काढण्यात जातात. कोट, त्याखाली स्वेटर, त्याखाली आणखी काहीतरी लोकरीचं. कांद्यासारखं सोलत गेलं की एकदाचा हात दिसतो, आणि त्यावर शीर औषधालाही नसते. थंडीने आत दडी मारलेली. मी शीर डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधते, आणि बाहेरचं दार सारखं उघडत असल्यामुळे सकाळी अकरापर्यंत माझी बोटं माझी नसतातच. मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवून बघितली, चहाचा कप धरून बघितला. एक आजोबा म्हणाले, "बाई, हात आहे की बर्फाची लादी?" त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी मला राग आला. हल्ली मला कशाचाही राग येतो.

नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती. आमच्या हेडबाई उंच, मोजकं बोलणाऱ्या, कपाळावरची आठी कायम मुक्कामाला. रोज काम संपलं की प्रत्येकीला विचारणार, किती जणांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. माझा आकडा सगळ्यांत मोठा. शेवटचा आठवडा सुरू झाला तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "असंच राहिलं तर शनिवारी तुमचं काम थांबेल."

मग काय होणार, ते घरी ठरलेलं होतं. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. वर्षभर आधी एकटेच इथे आले, मग मी आणि लेक आलो. इथे एका पगारात तिघांचं भागत नाही. माझी नोकरी टिकली नाही तर मी लेकीला घेऊन परत जायचं आणि यांनी मागे एकट्याने राहायचं.

"राहीन की," हे म्हणाले होते. "एक वर्ष काढलंच ना? मजेत होतो."

फोनवरही वर्षभर हेच चाललं होतं. मजेत आहे, पोटभर जेवतो, काळजी करू नकोस.

आणि खरं सांगू? मला जायचंच होतं. मी दमले होते. अंधारात उठायचं, अंधारात परतायचं, घरात शिरलं तरी स्वेटर अंगावरच, झोपतानासुद्धा. खिडकी उघडायची सोय नाही. खालची बाई तीन महिन्यांत एकदाच बोलली, ती खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो म्हणून. लेक मात्र पंधरा दिवसांत इथली झाली. वर मलाच म्हणते, "आई, तू सारखी कुरकुरतेस." त्या आठवड्यात मी सुई हातात घ्यायची, पण मन लावायची नाही. गेली नोकरी तर गेली. बुधवारी तीन जणांना दोनदा टोचलं आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

गुरुवारी यांच्या कंपनीतली माणसं वर्षाच्या तपासणीला आली. रांग सरकत सरकत माझ्यासमोर नेमके हेच येऊन बसले.

"नाव आणि जन्मतारीख सांगा," मी म्हणाले. नियमच आहे, नवरा असला तरी विचारावं लागतं.

"बघा, बाईसाहेबांना माहीत नाही," हे दाढीतल्या दाढीत हसले. ही दाढी इथे आल्यावरची. थंडीसाठी, म्हणतात.

"बाही वर घ्या."

जाकीट निघालं, स्वेटर निघाला, आतली लोकरीची बाही वर गेली. मी पट्टा बांधला तर तो घसरून कोपरापाशी आला. पुन्हा आवळून बांधला. याच दंडाला लोंबकळून आमची लेक घरभर फिरायची. आता तिथे नुसतं हाड होतं, आणि कोपराच्या आत शीर दोरीसारखी वर आलेली. डोळे मिटूनही सापडली असती. या शहरात मला मिळालेली ती पहिली सोपी शीर. एका टोचणीत नळी भरली.

"काय जेवत होता हो वर्षभर?" मी हळूच विचारलं.

"जे मिळेल ते. एकट्यासाठी कोण रांधत बसतं?" मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "अगं, आता काहीच नाही. तुम्ही दोघी आल्यापासून चांगला भरलोय. तेव्हा बघायला हवं होतंस."

कापूस दाबून धरा, हे सांगायचंही मला सुचलं नाही. तीन महिने मी या माणसाच्या शेजारी झोपत होते, त्याच्याच ताटात वाढत होते, आणि मला दिसलं नव्हतं. मागचा माणूस खाकरला. हे उठले, एकावर एक कपडे चढवले आणि पुन्हा धडधाकट दिसायला लागले. जाताना मला हात करून गेले.

दुपारी खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा मी आपणहून हेडबाईंच्या टेबलापाशी गेले.

"आज किती?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोघांना. पण त्यासाठी नाही आले." माझा आवाज चिरकला. "इथल्या माणसांची शीर कशी शोधायची, ते मला शिकवा. मला परत जायचं नाही."

माझ्या अर्जात चौदा वर्षांचा अनुभव मी ठळक अक्षरांत लिहिला होता, आणि तो वाचून त्यांनीच मला घेतलं होतं. हे शब्द तोंडातून काढताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शनिवारनंतर या माणसाला इथे एकटं सोडून जायचं, हे त्याहून अवघड होतं.

हेडबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आधी डोळे पुसा," त्या म्हणाल्या, आणि स्वेटरची बाही वर करत माझ्या खुर्चीत येऊन बसल्या.