निळ्या कागदाखालची नावं

१९८३ साली छुनछनच्या अध्यापक महाविद्यालयात काचेवर लिहिलेलं भिंतीवर दाखवणारे प्रोजेक्टर पहिल्यांदा आले, आणि त्याच वर्षी बांग कुम्रे तिथं शिकायला आली. बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, ही चोवीसची. मधली वर्षं मुखोच्या बंदरात, बापानं धरून आणलेली माकुलं दोरीवर वाळत घालण्यात गेली होती. कितीही साबण लावला तरी बोटांचा वास जात नाही, असं तिला वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात तिनं तापलेला प्रोजेक्टर घाईनं ओढला आणि आतला दिवा फट्‌दिशी फुटला. सगळा वर्ग दचकला. तेव्हापासून यंत्राचा खटका दाबायची वेळ आली की ती मागं सरायची.

यंत्र शिकवणाऱ्या कू सरांनी सरळच सांगून टाकलं, "शरद ऋतूत प्रत्येकीनं खऱ्या शाळेत या यंत्रावर एक पाठ घ्यायचा. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी जाऊन मासे वाळवावेत."

मुली हसल्या. सर सहज बोलले होते. कुम्रे कोण, कुठली, त्यांना ठाऊक नव्हतं. पण तिनं हात टेबलाखाली घेतले.

तिच्या खोलीतली वोलसून मात्र तिला रोज दुपारी ओढत प्रयोगशाळेत न्यायची. "ताई, तो चावत नाही गं."

"चावत नाही, फुटतो."

"मग फुटू दे! तुझ्या लग्नात आहेर म्हणून नवा दिवाच देईन."

हळूहळू कुम्रे दिवा बदलायला शिकली. पंखा थांबेपर्यंत यंत्र हलवायचं नाही, हे शिकली. कू सरांचा एक नियम तर तिनं मनात कोरूनच ठेवला: "भिंतीकडे वळून पाहायचं नाही. पोरांच्या तोंडाकडे पाहा. भिंतीवर काय उमटलंय ते तिथं दिसतं."

पाठ घ्यायला त्या दोघींना मुकगोलला पाठवलं. थेबेकच्या डोंगरात कोळशाच्या खाणीवर वसलेलं गाव. तिथला ओढासुद्धा काळा. बसमधून उतरून वोलसून रस्ता ओलांडू लागली, तशी एका म्हातारीनं तिची बाही धरून मागं खेचली. समोरून पाळीवर निघालेले खाणकामगार येत होते.

"त्यांच्या आडवी जातेस? कुठली अवदसा गं तू?"

माणसं खाली मान घालून, डबे हलवत निघून गेली. त्यांची शेवटची पाठ वळणाआड होईपर्यंत रस्त्यावरची एकही बाई जागची हलली नाही. वोलसूनची थट्टा तिथंच आटली.

पाठ होता 'आपल्या घरच्यांची कामं'. पडदे ओढले. कुम्रेनं खटका दाबला. या वेळी ती मागं सरली नाही. पारदर्शक कागद काचेवर ठेवून तिनं उदाहरणादाखल सगळ्यात वर स्वतःच्या बापाचं नाव लिहिलं: बांग गिलसू, मासेमारी. मग पोरांना त्यांच्या बापाचं नाव आणि काम विचारलं. बापाचं नाव तोंडानं सरळ घेऊ नये, अशी तिथली रीत. पोरं शिकवल्याप्रमाणे एकेक अक्षर सुटं करून सांगत होती. काचेतून वर येणाऱ्या झोतानं तिचे डोळे दिपत होते, शाईची नुसती गडद रेघ दिसत होती. ती पोरांकडे पाहत लिहीत गेली; पोरं भिंत सोडून त्या नव्या यंत्राकडेच पाहत होती. खाण. खाण. खाण.

शेवटी मालसुक नावाची एक किडकिडीत पोरगी उठली. "आडनाव थाक. मग 'इल' हे अक्षर, मग 'बोंग' हे..." बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

कुम्रेनं तोवर नाव लिहून संपवलं होतं. तिनं वर पाहिलं. एकाही चेहऱ्यावर रंग नव्हता.

तिनं नियम मोडला. वळून पाहिलं.

भिंतभर नावं होती, लालभडक. मेलेल्या माणसाचंच नाव लाल शाईनं लिहायचं, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळत होतं. आदल्या दिवशी वोलसूननं चित्रातली फुलं रंगवली होती आणि घाईत लाल पेनाला काळ्याचं टोपण लावलं होतं.

"ताई..." मागून वोलसून कुजबुजली. ओल्या फडक्यानं कुम्रेनं पुसून पाहिलं. शाई तेलाची, जागची हलेना. पाठ तपासायला आलेले कू सर मागच्या बाकावर शेरा लिहायला पेन उचलून बसले होते.

"बाई, माझा बाबा आत्ता खाणीत आहे," मालसुक म्हणाली.

दिवा बंद करणं सोपं होतं. पण मग पोरं हीच लाल भिंत डोळ्यांत घेऊन घरी गेली असती. समुद्र दाखवायला आणलेला निळा जिलेटीन कागद तिच्या पिशवीत होता. प्रयोगशाळेत वोलसूनशी खेळताना रंगावर रंग ठेवून पाहिले होते, ते तिला आठवलं. तिनं तो कागद नावांवर ठेवला. भिंत निळी झाली आणि लाल अक्षरं काळी पडली, साध्या शाईनं लिहावीत तशी.

पोरांनी श्वास सोडला. मालसुकनं मात्र सोडला नाही. कागद आखूड होता. तळाशी थाक इल्बोंग अजून लालच होता.

कागद खाली ओढला तर वरचं नाव उघडं पडणार होतं. कुम्रेचा बाप तेव्हा बोटीवर होता. क्षणभर तिची बोटं कागदावर नुसतीच राहिली. मग तिनं तो खाली ओढला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता काळं आहे," मालसुक म्हणाली. "पण बाई, वर तुमचा..."

"बस खाली. पुढं वाचू या."

संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला. बायका खाणीच्या फाटकाशी उभ्या होत्या, कुम्रेही उभी राहिली. मालसुकचा बाप सगळ्यात शेवटी बाहेर आला. परतताना बसमध्ये कू सर एवढंच म्हणाले, "यंत्र जमलं तुला. बाकीच्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही."

कुम्रे पास झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. शाळेतलं कुठलंही यंत्र अडलं की तिलाच बोलवायचे, आणि पाठाआधी पेनांची टोपणं ती दर वेळी स्वतः तपासायची. वोलसून लग्न करून बुसानला गेली. कुम्रेच्या लग्नात तिनं खरंच आहेरात एक दिवा दिला होता. कू सर प्राचार्य झाले आणि मासे वाळवण्याचा टोमणा पुन्हा कधी कुणी ऐकला नाही. मुकगोलची खाण बंद पडली. थाक इल्बोंग खाणीत मेला नाही. छातीत बसलेल्या कोळशाच्या धुळीनं खोकत खोकत, पुष्कळ वर्षांनी अंथरुणातच गेला. मालसुकनं वोन्जूला खानावळ काढली.

आणि बांग गिलसू? वादळाचा इशारा झाला की कुम्रे वर्गातून उठून टेलिफोनशी जाऊन उभी राहायची. बोट दर वेळी परत आली. बाप पार म्हातारा होऊन, समुद्र सुटल्यावर, एकदा तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं संत्र्याची एक फोड सोलून तिच्या हातावर ठेवली.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मला निदान पोहता तरी येत होतं."