परदेशी सुतावरचं शुल्क

दादाने रिळावरचं परदेशी सूत चिमटीत धरून ताणलं आणि हसत बहिणीला म्हणाला, "घे मिरवून. आता हे परवडायचं नाही. जिंकलो आपण! डंपिंगविरोधी शुल्क बसलं."

"आपण म्हणजे कोण, दादासाहेब?" दोराची वेटोळी बांधता बांधता मावशींनी विचारलं. बहिणीच्या या कारखान्यातलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे.

दादा आणखीच हसला. फार दिवसांनी. बाहेरून मातीमोल भावात येऊन पडलेल्या या डंपिंगच्या मालाने त्याच्या नायलॉन सुताच्या गिरणीचं कंबरडं मोडलं होतं. बहिणीचा दोरांचा कारखाना मात्र त्याच मालावर तगून होता. सुनावणीत इतर दोरवाले शुल्काविरुद्ध तावातावाने भांडले. ती गेलीच नाही. सख्ख्या भावासमोर कसं उभं राहायचं? शिवाय दादा आपल्याला जुन्याच भावात सूत देईल, हे ती धरून चालली होती. विचारलं नव्हतं. भावाला असलं काय विचारायचं?

"मग माझं सूत कधी धाडतोस?"

"उद्या." दादाने भाव सांगितला. शुल्कासकट परदेशी सूत जितक्याला पडेल, त्याच्या जेमतेम खाली.

"थट्टा पुरे रे."

"थट्टा नाही, छोटे." तो वेटोळ्यांकडे बघत राहिला. "बँकेने मानगूट धरलीय. तुला सवलत दिली, तर बाकीचे दोरवाले माझ्या दारात बसतील."

"या भावात माझा दोर कोण घेईल? तयार दोर बाहेरून येतोच आहे. त्यावर कुठे शुल्क आहे?"

"तुम्ही दोरवालेही अर्ज करा की. माझा वकील देतो. नुकसान सिद्ध झालं, की झालं."

"कसं सिद्ध करायचं?"

"तोटा दिसावा लागतो. चांगला घसघशीत. वर्षभर तरी."

मावशींचे हात थांबले. दादाने पाणी मागितलं, अर्धं प्यायला आणि निघून गेला.

यंत्र चालूच होतं. एक रीळ संपत आलं. अशा वेळी सरतं टोक नव्या रिळाच्या टोकाला बांधायचं, म्हणजे यंत्रात सूत पहिल्यापासून ओवावं लागत नाही. मावशी लगबगीने उठल्या. परदेशी सुताच्या शेवटच्या पेटीवरची पट्टी कापायला त्यांनी सुरी घेतली.

"राहू द्या, मावशी," ती म्हणाली. "न उघडलेली पेटी कुणीतरी विकत घेईल."

मावशींनी सरतं टोक दोन बोटांत पकडलं होतं. यंत्र ते ओढत होतं. त्यांनी सोडलं नाही.