पट्ट्याला राळ

केसरीनाथच्या अंगात लाज म्हणून नव्हतीच. सकाळी टेम्पो सुरू केला की तो डुक्कर कापल्यासारखा किंचाळायचा, सगळी आळी दारात यायची, आणि हा बाबा आत बसून टेपवरचं गाणं मोठं करायचा. त्याच्या आईला, गोदूबाईला, त्या किंचाळण्यापेक्षा गाण्याची चीड जास्त.

"बहिरा झालास का रं? पट्टा वरडतोय."

"गॅरेजवाल्या लतीफनं बघितलाय, आये. तो म्हणतो..."

"लतीफ काय म्हणतो ते लतीफच्या घरी. माझा जन्म गेला पट्ट्यांत."

ते खोटं नव्हतं. नवऱ्यामागं घरचे लूम तिनं एकटीनं चालवले होते. कापडाला उठाव राहिला नाही तेव्हा ते भंगारात घातले आणि त्या पैशांत हा जुना टेम्पो घेतला. आता घरची चूल सुताच्या गोण्या वाहण्यावर पेटत होती. टेम्पो बसला की घर बसलं. त्यापलीकडं काही उरलं नव्हतं.

लूमचा पट्टा चाकावरून घसरला की असाच ओरडायचा. राळ चोळली की चाक घट्ट धरायचा. गोदूबाईनं माळ्यावरून राळेचा डबा काढला, इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं आणि पंख्याच्या पट्ट्याला आतून राळेची पूड स्वतःच्या हातानं चोळली.

इंजिन सुरू झालं. आवाज बंद.

"बघ. आता?"

"आये, पण लतीफ..."

"गाडी काढ म्हणते ना!"

त्यानं गाडी काढली. पुढं काही दिवस टेम्पो मुकाट आला-गेला. नळावर गोदूबाई सांगत सुटली, गॅरेजवाल्यांना काय, माणूस लुटायलाच बसलेत.

मग एका दुपारी टेम्पो मानकोलीपाशी धूर ओकत बंद पडला. दोरीनं ओढून लतीफच्या गॅरेजात आणला. गोदूबाई पदर खोचून तिथं गेली तर लतीफनं तुटका पंप तिच्या हातात ठेवला.

"फिरव, मावशी."

तो फिरेना.

"ह्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. तो जाम होत आला होता. म्हणून पट्टा घसरत होता, ओरडत होता. राळेनं तू त्याला धरायला लावलंस. पट्टा सोडीना, पंप फिरेना. पंपाचा दांडा तुटला, त्यावरचा पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला, पाणी सांडलं. माल खारबावला पोचवायचा म्हणून हा तसाच हाणत राहिला. इंजिनाच्या हेडला चीर, ब्लॉकलाही चीर."

"वेल्डिंग मार."

"ब्लॉकला टिकत न्हाय, मावशी. इंजिन गेलं. मी तर ह्याला आधीच सांगितलं होतं. पट्टा उतरवून पंपाची पुली हातानं फिरवली, खरखरत होती. पंप बदल म्हटलं."

गोदूबाई मुलाकडं वळली. "हा खरं बोलतो?"

"हो, आये."

"मग?"

"तू गाडी काढ म्हणालीस."

बाहेर हमाल सुताच्या गोण्या दुसऱ्याच्या टेम्पोत चढवत होते. आता ते भाडं परत यायचं नव्हतं. गोदूबाईनं पंप जमिनीवर टाकला आणि ग्रीसचा हात केसरीनाथच्या सदऱ्याला पुसला. तो तसाच उभा राहिला, मागंही सरला नाही. ती सगळ्यांदेखत म्हणाली,

"मला पंप कळत नव्हता. तुला कळत व्हता. गाडी तू मारलीस, केसऱ्या. आन् माझ्या तोंडाला भिऊन मारलीस."