तीन छप्पनचं कुलूप

अरे ऐका तर! लातूरच्या आमच्या क्लासची कॉम्प्युटर लॅब, आत पन्नास पोरं-पोरी, दारात पालकांची ही गर्दी. टेस्ट संपल्याची बेल झाली अन् धप्प! सर्व्हर बंद. पडद्यावर वेळ तीन छप्पन. किल्लारीचा भूकंपबी पहाटे तीन छप्पनलाच झाला होता ना! सलग चौथ्या दिवशी हेच.

पालकांनी विरूपाक्ष महाराज आणला. त्यानं थेट आमच्यातल्या आरतीकडं बोट केलं. ती किल्लारीकडची, आजी भूकंपात गेलेली. "आजी बोलावून राहिली हिला! आत्म्याला अँटीव्हायरस चालत न्हाई, नारळ लागतो!"

दुसऱ्या दिवशी आरतीला बाहेर बसवलं, सर्व्हरला नारळ बांधला. अन् खरंच, बंद पडला न्हाई! क्लासचे मालक अनंतराव सर तिला म्हणले, "बाळा, उद्या बॅग भर, घरी जा." आरती तिथंच वह्या गोळा करू लागली.

तवा कॉम्प्युटरच्या मृण्मयी मॅडम म्हणल्या, "आज बेलच्या आधीच पेपर सबमिट कोणी केला?"

समद्यांनीच! भ्यालो होतो ना.

"मग उद्या आरती बाहेरच, नारळबी तिथंच. पेपर मात्र बेल वाजतानाच सबमिट करा."

"मॅडम, नगा ओ!" मी रडकुंडीला आलो.

तरी केला. बेल, क्लिक, धप्प!

महाराज म्हणले, "नारळ जरा शिळा व्हता."

मॅडम हसल्या न्हाईत. "प्रत्येकाचे मार्क लिहायला प्रोग्राममधी एक-एक कामगार, त्याला थ्रेड म्हणतात. मार्कांची फाइल एकच, म्हणून तिला कुलूप. एक आत, बाकी रांगेत. बेल झाली की हा प्रोग्राम रांग उभी असतानाच कुलूप मोडून टाकतो. हॉस्टेलच्या बाथरूमात कोणी आंघोळ करून राहिलंय अन् वॉचमननं कडीच उपसून नेली तर? तसाच गोंधळ होऊन सर्व्हर पडतो."

"पण तीन छप्पन?" सर पुटपुटले.

"पोरं वेळेवर यावीत म्हणून भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं कोणी ठेवलं, सर? शिपाई ग्यानोबामामा तेच बघून चारला बेल मारतात, टेस्ट बंद करतात. सर्व्हरची वेळ खरी."

मॅडमनं प्रोग्राम दुरुस्त केला: नवं काम घेणं थांबव, आतले-रांगेतले समदे संपू दे, मगच कुलूप मोड. आरतीला आत बसवलं. बेल झाली, समद्यांनी एकदम क्लिक केलं. मी डोळे गच्च मिटले.

काहीच न्हाई. पंख्याचा आवाज तेवढा.

आरती हळूच म्हणली, "आजी असती तर तिनंच मला पेपरला बसवलं असतं."

गड्यांनो, भ्या मलाबी वाटलं. पण भ्यालं म्हणून कुणाच्या पोरीला हाकलायचं नसतं. आधी इतकंच विचारा: काल सर्व्हर बंद पडला न्हाई, तर काल आपण काय येगळं केलं होतं?