बॅटरीजवळचा फ्यूज

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीचं एक पालुपद साऱ्या गॅरेजला पाठ होतं: गाडीत नवीन काहीही जोडा, फ्यूज बॅटरीला चिकटून हवा. तार कुठे पत्र्याला घासलीच तर फ्यूज उडावा, तार पेटू नये. हे न पाळणाऱ्याची तो चारचौघांत बिनपाण्याने हजामत करायचा.

आणि जावयाच्या गाडीत मोठा स्पीकर बसवताना त्यानेच फ्यूज मागे, सीटखाली दडवला होता. का, तर व्याही शेजारी उभे होते, आणि बॉनेटखाली काहीच दिसू न देता त्याला भाव खायचा होता. व्याह्यांनी वाहवा केली. मिस्त्री फुशारून गेला.

आज तीच गाडी दोर बांधून ओढत गॅरेजात आणली. मुलगी चालवत असताना धूर निघाला, पायाखालची चटई पेटली, आणि विझवताना तिचा तळहात भाजला. व्याही वाटेपासूनच आपल्या मुलाला फैलावर घेत होते, कारण त्याने सीटखालून मोबाईलचा चार्जर जोडून घेतला होता. जावई बिचारा मान खाली घालून उभा.

"बाबा, तुम्हीच सांगा ह्यांना," मुलगी म्हणाली. "तुमच्या कामाला हात लावायचा नाही म्हणून."

मिस्त्रीने फ्यूजसकट वायर ओढून काढली. पत्र्याच्या भोकाशी घासून ती सोलली होती, तिथून बॅटरीपर्यंत काळी पडली होती. सीटखालचा फ्यूज मात्र शाबूत, म्हणजे चार्जरचा दोष नव्हताच. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. गप्प बसून निभावलंही असतं, आणि क्षणभर तो गप्प बसलाही. त्या क्षणाची लाज त्याला चुकीपेक्षा जास्त वाटली.

"जावईबापूंचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "फ्यूज मी चुकीच्या जागी लावला."

व्याही हसले. जावयाला पाठीशी घालावं तर असं, म्हणाले, तुमच्या हातून कसली चूक होतेय! त्याने पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले.

मुलगी हसली नाही. ती ह्याच गॅरेजात लहानाची मोठी झाली होती. तिने बापाच्या हातातला फ्यूज घेतला, उजेडात धरला, मग काळी तार कुठून कुठवर गेलीय ते पाहिलं. आणि पट्टी बांधलेला हात हळूच पाठीमागे नेला, बापाला दिसू नये म्हणून.