डाव्या हाताची रेघ

मित्रांनो, सांगलीत विष्णुपंतांच्या छापखान्यामागच्या अंगणात कधी आलात, तर मी तुम्हाला पायरीची फरशी वाटेन. पण मी शिळाप्रेसचा जुना दगड आहे. पूर्वी चित्रं छापायला आमच्यासारखे दगडच लागत. चित्रकार तेलकट शाईने माझ्या पाठीवर चित्र काढी. मग मला ओलं करून वरून शाईचा रूळ फिरवीत. कोऱ्या जागी पाणी असल्याने तिथे शाई बसत नसे, ती फक्त रेघांना धरी. वर कागद दाबला की चित्र त्यावर उतरे. यात अवघड एवढंच, की माझ्यावर सगळं उलटं काढावं लागे, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं येई.

मी दूरदेशीच्या खाणीतला. आगबोटीने मुंबईला आलो, रेल्वेने मिरजेला आणि तिथून बैलगाडीने इथे. सुरुवातीला माझ्यावर हळदीच्या व्यापाऱ्यांचे छाप आणि लग्नपत्रिकांवरचे गणपती निघत. काम चोख होतं, पण तेच ते. मग १९४० साली अर्जुना आला आणि माझे दिवस पालटले.

अर्जुना पलूसजवळच्या खेड्यातला. घरी ऊस, आणि पिढीतला एक तरी माणूस पलटणीत जायचा रिवाज. याला मात्र लहानपणापासून चित्रांचा नाद. गावातल्या भिंतींवर त्याने गेरूने काढलेले बैल पाहून विष्णुपंतांनी त्याला छापखान्यात आणलं. उलटी अक्षरं हातात बसायला त्याला वर्ष लागलं.

त्याची धाकटी लेक मनू. गावी गेला की तो तिला पाण्याला भिणाऱ्या एका रेडकाची गोष्ट सांगे. सगळ्या म्हशी कृष्णेत डुंबतात आणि हे वेडं काठावर उभं राहून हंबरतं. मनू दर खेपेला विचारी, पुढं काय झालं? आणि अर्जुना दर खेपेला थोडी गोष्ट वाढवी. एकदा दुपारच्या सुट्टीत त्याने ते रेडकू माझ्यावर काढलं. कान पाडलेलं, पुढचे पाय चिखलात रोवलेलं. पंतांनी ते पाहिलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी ते एका कागदावर छापून घेतलं आणि म्हणाले, याचं पुस्तक कर, आपण छापू.

ते पुस्तक तेव्हा झालं नाही. लढाई पेटली होती. घरातून कुणीतरी जायला हवं होतं, थोरला भाऊ आजारी होता, म्हणून अर्जुनाच पलटणीत भरती झाला. कागद मिळेनासा झाला आणि चित्रांचं काम थांबलं. मला उचलून विहिरीपाशी टाकलं. माझ्यावर धुणी आपटली जाऊ लागली. मित्रांनो, कष्टाचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या पाठीवर नुसता साबण आणि पाणी होतं, एक रेघ नव्हती, याचं वाटलं.

लढाई संपली त्या वर्षी अर्जुना परत आला. इटलीत एका गोळ्याने त्याचा उजवा हात मनगटापासून नेला होता. पंतांनी दोनदा निरोप धाडला, तो आला नाही. तिसऱ्यांदा बायको बनुबाई आणि मनू यांना घेऊन आला, तो एवढंच सांगायला, की आता हे काम आपल्याकडून व्हायचं नाही. पंत आतून येईपर्यंत ती तिघं विहिरीपाशी थांबली. मनू नुकती अक्षरं शिकली होती. तिने कोळशाचा तुकडा बापाच्या डाव्या हातात दिला आणि माझ्यावर आपलं नाव लिहून दे असा हट्ट धरला. तो बराच वेळ नको म्हणाला. मग खाली बसला आणि लिहिलं.

मनू हसली. "आबा, समदं उलटं लिवलंय."

उजव्या हाताची वळणं डाव्याने घेतली, की ती आपसूक उलटी पडतात. अर्जुनाला ते कळलं नाही. त्याने कोळसा टाकून दिला आणि मान फिरवली. पण पंत मागे येऊन उभे होते. ते वाकून पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "अर्जुना, दगडावर उलटंच लागतं."

दुसऱ्या दिवशी मला विहिरीवरून उचलून आत नेलं. माझं अंग वाळू-पाण्याने घासायचं होतं. एका हाताने दगड घासता येत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने बनुबाईंनी धरलं, आणि पुढे त्या रोजच येऊ लागल्या. अक्षरं लवकर जमली, चित्रं जमेनात. हात थरथरे. आज काढायचं, उद्या घासून टाकायचं, असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. अखेर रेडकाच्या गोष्टीची शेवटचं सोडून सगळी पानं एकेक करून छापून झाली.

पंतांनी ती साताऱ्याच्या लालासाहेबांना दाखवली. ते शाळांसाठी पुस्तकं निवडत. माणूस भला होता. गोष्ट त्यांना फार आवडली, पण चित्रांच्या रेघा थरथरत्या आहेत, त्या एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून नव्याने काढून घ्या, मग शाळांना हे पुस्तक घेऊ, असं ते म्हणाले. पंतांनी हे अर्जुनाला सांगितलं. अर्जुना म्हणाला, मालक, त्यांचं खरं हाय, काढू द्या दुसऱ्याला.

बनुबाई माझ्याजवळच बसल्या होत्या. त्या पंतांसमोर सहसा बोलत नसत. पदर सावरून त्या म्हणाल्या, "आवं मालक, रेडकू भ्यालंय न्हवं? मग त्याची रेघ थरथरणारच की."

पंत रेडकाच्या चित्राचा कागद घेऊन खिडकीशी गेले आणि उजेडात धरून पाहत राहिले. नंतर त्यांनी लालासाहेबांना कळवलं, की चित्रं हीच राहतील, पुस्तक घ्यायचं की नाही ते आपण ठरवावं.

शेवटचं पान उरलं होतं. त्यात रेडकू पाण्यात उतरतं. भीती गेल्यावरची रेघ थरथरती चालणार नव्हती, हे अर्जुनाला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने रेडकाचं सगळं अंग काढून पाहिलं, पुसलं. पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. एका सकाळी तो आला आणि काहीच न काढता माझ्याकडे पाहत बसला. मग त्याने दोन कान काढले, दोन नाकपुड्या काढल्या, आणि श्वास रोखून माझ्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पाण्याची एकच रेघ ओढली. ती कुठेही हलली नाही. बाकीचं रेडकू पाण्याखाली होतं.

पुस्तक निघालं. लालासाहेबांनी ते साताऱ्याच्या शाळांना घेतलं आणि पुढे एक निरोप पाठवला, की मुलं पहिल्या पानावरच्या रेडकाला हात लावून धीर देतात.

छपाई संपल्यावर ते शेवटचं चित्र घासून टाकायला पंतांचं मन होईना. दगड असाच ठेवू या, ते म्हणाले. अर्जुनाने वाळू पसरली, पाणी ओतलं.

"मग फुडचं चित्र कुठं काढू, मालक?"

बनुबाईंनी दुसरी बाजू धरली आणि ती रेघ माझ्या अंगावरून गेली. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. त्यानंतर कावळ्याचं पुस्तक झालं, गुऱ्हाळावरच्या मुंग्यांचं झालं. १९४९ साली पंतांनी दगडाऐवजी पत्र्यावरून छापणारं नवं यंत्र आणलं. पत्रा हलका, अर्जुना तो एकटाच उचलू शके. मी अंगणात आलो. इथे ऊन चांगलं असतं.

मित्रांनो, जुने दगड जपा असं मी म्हणणार नाही, दगडाला काय होतंय! पण तुमच्या घरी एखादं मोठं माणूस हातातलं काही गमावून पुन्हा पहिल्यापासून शिकत असेल, तर त्याला घाई करू नका. त्याचं चुकलं तर लगेच त्याच्या हातातून काढून घेऊ नका. दुसऱ्या बाजूने थोडं धरा.