चार घरांत वाटलेला ट्रॅक्टर

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. पण वर्षातले सहाच महिने. उरलेले सहा महिने मी चार घरांत वाटलेला असतो. माझी बॅटरी मामासादिक आबांच्या खाटेखाली असते, स्टिअरिंग बुर्माखान आपा नावाच्या विधवेच्या भिंतीवर, पुढचे एक चाक उर्मातच्या गोठ्यात आणि डिझेलचा पंप कुबातकडे. जो काही उरतो तो मी ओढ्याकाठच्या अक्रोडाखाली बर्फात उभा असतो, आणि माझे सगळे अवयव वसंतात परत येतील ना, या काळजीने झुरत असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा माझा रंग निळा होता. आलाई डोंगराच्या पायथ्याच्या या किर्गिझ गावात मी आलो, त्या वेळी इथे सरकारची मोठी सामुदायिक शेती होती. कापणी संपली की माझ्या नाकावर लाल फीत बांधत. मामासादिक तेव्हा काळ्या मिशांचा तरणाबांड चालक होता. तो माझ्याशेजारी छाती काढून उभा राहायचा आणि फोटो काढून घ्यायचा. त्या फोटोत माझ्यापेक्षा तोच जास्त चकाकतो, पण ते असो.

पुढे ते सरकारच राहिले नाही. शेती मोडली आणि सगळ्याची वाटणी झाली. कुणाला मेंढ्या मिळाल्या, कुणाला पत्रे, आणि घरटी जमिनीचा एकेक पट्टा. मी चार घरांत मिळून एक आलो. एकट्याने मला पोसणे चौघांतल्या कुणालाच परवडणारे नव्हते आणि एकमेकांवर भरवसाही नव्हता. म्हणून शेवटची नांगरट झाली की प्रत्येकाने माझा एकेक भाग खोलून घरी न्यायचा, म्हणजे कुणी मला परस्पर भाड्याने लावणार नाही की विकणार नाही, असे ठरले. ठरवताना सगळ्यांना ते फार शहाणपणाचे वाटले. मला कुणी विचारले नाही.

तरीही मी नेटाने राबलो. आमच्या उतारावर पाटाचे पाणी चढत नाही. बर्फ वितळल्यावर मातीत जी ओल उरते, तिच्यावरच गहू येतो, आणि ती ओल चार दिवसांची पाहुणी असते. खाली सपाटीवर एक मोठा जमीनदार आहे. त्याच्याकडे नवे ट्रॅक्टर आहेत आणि तो ते भाड्याने देतो, पण आधी स्वतःचे सगळे रान उरकून. त्याचा ट्रॅक्टर वर चढेपर्यंत आमची माती विटेसारखी झालेली असते. भाडे मात्र तो पुरेपूर घेतो. म्हणून या चार घरांचा जीव माझ्यात अडकलेला.

यंदा बर्फ लवकर गेला. तिघेजण आपापला भाग घेऊन आले, पण पंप काही आला नाही. कुबात हिवाळ्यातच घराला कुलूप लावून बायकोसह रशियात बांधकामावर गेला होता. जाताना त्याने कुणाचा धड निरोपही घेतला नव्हता. त्याचा फोन लागेना. घराची जादा किल्ली पूर्वीपासूनच शेजारणीच्या, म्हणजे बुर्माखान आपांच्या कमरेला असे. पण राबायला परदेशी गेलेल्या माणसाचे घर त्याच्या शब्दाशिवाय उघडायचे नाही, अशी आमच्या गावाची रीत आहे. इथली निम्मी घरे अशीच बंद असतात. एक उघडले, तर तिकडे गेलेल्या कुणालाच झोप लागणार नाही.

त्यातच उर्मात बाजारातून बातमी घेऊन आला. एका भंगारवाल्याच्या गोणपाटावर त्याने थेट माझ्यासारखा पंप पाहिला होता. मग काय, दोन दिवसांत कुबात चोर ठरला. गेल्या शरदात मला विकू या म्हणणारा तोच होता, रशियाचे भाडे त्याने आणले कुठून, अंधार पडताना का निघून गेला, असे सगळे आठवू लागले. हे सगळे माझ्यासमोरच चाले.

बुर्माखान आपांना वेगळीच धास्ती होती. नवरा गेल्यावर त्यांचे दोन मोठे मुलगे रशियाला गेले ते तिकडेच राहिले. धाकटा अदिलेत मागे राहिला होता, तो मला चालवण्यासाठी. त्याने आईला साफ सांगितले होते, की पेरणी झाली तर मी इथेच, नाही झाली तर शनिवारची बस. धमकी नव्हती ती. त्या पट्ट्यातल्या गव्हावर त्यांच्या घरची वर्षाची भाकरी होती, आणि पेरले नाही तर ती दुसरीकडून कमवावी लागणार होती. आपा रोज सकाळी रानात जाऊन मूठभर माती दाबून बघत. आधी तिचा गोळा व्हायचा. मग एके दिवशी वरवरची माती बोटांतून नुसतीच सांडली; ओल आता बोटभर खालीच उरली होती.

शुक्रवारी उर्मातने भंगारवाल्याचा ट्रक बोलावून आणला. भंगारवाल्याने माझ्या पाठीवर हातोडीने टकटक केली. मला घाम फुटला असता, पण तेलसुद्धा फारसे उरले नव्हते.

“पंप नाही म्हणजे हे नुसतं लोखंड आहे, आपा,” उर्मात म्हणाला. “आज विकलं तर निदान बियाण्याचे पैसे सुटतील.”

“आणि बी पेरशील कशात? तुझ्या टोपीत?”

मामासादिक आबा जमिनीकडे बघत म्हणाले, “चोराच्या घराला कसली आलीय रीत? आपा किल्ली देत नसतील, तर कुलूप तोडू आणि एकदाची खात्री करून घेऊ.”

“लावून तर बघा हात,” आपा म्हणाल्या. “माझ्या थोरल्याचं घरसुद्धा कुलपातच आहे, आबा. उद्या कुणी त्याला चोर म्हणालं, तर तुम्ही तिकडेही कुऱ्हाड घेऊन जाणार का?”

भंगारवाल्याने दोर काढायला घेतला, आणि तेवढ्यात अदिलेतच्या खिशातला फोन वाजला. तो कुबात होता. जुना फोन कामावर फुटला होता आणि पहिला पगार हातात आल्यावर त्याने नवा घेतला होता. आमच्या रीतीप्रमाणे त्याने आधी सगळ्यांची, मग गुराढोरांची खुशाली विचारली. मग विचारले, ओल आहे का अजून? पंप कुठे आहे म्हटल्यावर त्यालाच नवल वाटले. पंप गाद्यांच्या पेटीत तळाशी होता. आपांना सांगून जायचे होते, पण त्यांच्यासमोर रडू फुटेल म्हणून तो तसाच निघून गेला होता. उघडा की घर, त्यात काय, असे तो म्हणाला.

पंप त्याच्या लग्नातल्या जाड कोटात गुंडाळलेला निघाला. ग्रीस लावलेला, तोंडे चिंध्यांनी घट्ट बांधलेली. कारखान्यातून निघालो तेव्हाही मी इतका स्वच्छ नव्हतो. बाकीच्यांचे काय सांगू? माझ्या बॅटरीवर आबांनी हिवाळाभर टीव्ही पाहिला होता, ती मेलेली होती. उर्मातने चाक गवताच्या गंजीवर दडपण म्हणून ठेवले होते, त्याचा टायर तडकला होता. आणि आपांच्या भिंतीवर, भाकरीच्या तंदूरशेजारी, स्टिअरिंग एका बाजूने वितळून लोंबले होते. तिघेही आपापल्या भागाकडे पाहत राहिले. मला त्यांची कीवही आली आणि रागही आला.

भाग बसवले, पण बॅटरी मेलेली, मग मी सुरू होणार कसा? अखेर मला न्यायला आलेल्या ट्रकनेच मला दोर बांधून ओढले. खोकलो, धूर सोडला आणि सुरू झालो. भंगारवाला ओढल्याचे पैसे मागू लागला. आपांनी त्याला ताजी नान आणि चहा देऊन वाटेला लावले.

सगळ्यात वरचे रान आधी सुकते, म्हणून पहिला पट्टा आपांचा झाला, मग उर्मातचा. शनिवारची बस रस्त्यावरून गेली तेव्हा अदिलेत माझ्या सीटवर होता. आपांनी बसकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या बी फेकत राहिल्या. त्यानंतर पाळी आबांच्या पट्ट्याची होती, आणि ओल आणखी एका पट्ट्यापुरतीच उरली होती. अदिलेतने वळण घेताच आबा आडवे आले आणि काठीने कुबातचा पट्टा दाखवला. बियाणे त्यांनी स्वतःच्या पोत्यातले आणले.

मी त्या पट्ट्यात असतानाच कुबातचा फोन पुन्हा आला, या वेळी आबांना.

“सुरू झाला का, आबा?”

आबांना त्याला काहीतरी सांगायचे होते. दोन दिवस ते मनात घोळवत होते, हे मी पाहत होतो. पण त्यांनी फोन तसाच माझ्या पंपाजवळ धरला. पलीकडे कुबात माझी धडधड ऐकत राहिला.

“कुणाच्या रानात आहात?” शेवटी कुबातने विचारले.

“तुझ्या,” आबा म्हणाले.

मित्रांनो, ओल गेल्यावर पेरलेला आबांचा स्वतःचा गहू यंदा निम्माच उगवला. आता शरद जवळ आला आहे. मला अख्खा एका छपराखाली ठेवायचे की नेहमीसारखा वाटून न्यायचा, यावर चौघांचे अजून एकमत झालेले नाही, आणि कालच उर्मात माझे नट खोलायचे पाने शोधत होता. मला भीती वाटते. तुमच्याकडे चौघांत मिळून एखादी वस्तू असेल, तर तिला वेळेवर तेल द्या, उन्हाबर्फात टाकू नका, आणि भरवसा नाही म्हणून तिचे तुकडे करू नका. माझे तुकडे पुन्हा जोडता येतात. पण पेरणीचे दिवस निघून गेले, की मागे राहिलेला एकेक अदिलेत बसमध्ये बसतो.